बो म्हणजे शाळेचा युनिफॉर्म नाही हो!

गेल्या आठवड्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपवर एकच मेसेज आला, "मुलांना आर्चरीला घालताय? बो (धनुष्य) घेण्याआधी हे वाचाच", खाली हात जोडलेली इमोजी. त्यात पाच मुद्दे. एक, मूल वाढतंय तर बो एकदम ३० पाउंडाचाच (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा) घ्या, परत परत खर्च नको. दोन, रिकर्व्हच्या (टोकं पुढे वळलेला, पुली नसलेला बो) नादी लागू नका, थेट कंपाउंड (पुलीवाला) घ्या, पुलीमुळे ताकद लागत नाही आणि आता तो ऑलिंपिकमध्येपण आलाय. तीन, बांबूचा बो म्हणजे पैसे पाण्यात. चार, मूल उजव्या हाताने लिहितं ना, मग उजवा बो, विषय संपला. पाच, घरी बाण न लावता रोज १०० वेळा ओढून सोडायचं म्हणजे हात बसतो. माझ्या नणंदेने तो मलाच पाठवला आणि विचारलं, पोरीसाठी आज रात्री ऑर्डर टाकू का. पोरगी १२ वर्षांची. मी कोच नाही, मुलगा चार वर्षं शूट करतोय आणि मी ग्राउंडच्या कडेला खुर्ची टाकून बसते एवढंच, पण यातल्या पहिल्या मुद्द्याचे पैसे मी स्वतः भरलेत म्हणून लिहितेय.

तर पहिलं पाउंडाचं, कारण सगळं नुकसान इथेच होतं. आपली सवयच आहे, बूट एक नंबर मोठे, युनिफॉर्म दोन इंच सैल, खालून दुमडून शिवला की दोन वर्षं बघायला नको. मी पण तेच केलं. मुलगा १३ चा, दुकानदार म्हणाला ताई ३० घ्या, १८ घेतलात तर सहा महिन्यांत परत याल. पटलं मला, घेतला. पोरगा काय करायचा, तर बो आधी आभाळाकडे करायचा, मग अंगाचा झोका देऊन खाली आणत ओढायचा, खांदा कानाला, कंबर मागे, आणि दोरी हनुवटीला टेकते न टेकते तोच सोडून मोकळा. थांबणार कसा, धरवतच नव्हता! दोन महिन्यांत खांदा धरला, सहा आठवडे सगळं बंद. खांदा बरा झाला, पण ती घाईने सोडायची सवय आहे ना, ती जायला पुढचं वर्ष गेलं, आणि अजूनही मॅचमध्ये टेन्शन आलं की मधूनच डोकं वर काढते.

आता मेसेजवाल्याला (आणि तेव्हा मलाही) माहीत नसलेली गोष्ट. लिंबवर (बोची वाकणारी पाती) जो आकडा छापलेला असतो तो दोरी २८ इंच ओढल्यावरचा असतो. १२-१३ वर्षांचं मूल २४-२५ इंच ओढतं, आणि एका इंचाला साधारण दीड-दोन पाउंड कमी-जास्त होतात. म्हणजे २० छापलेला बो त्याच्या हातात पंधरा-सोळाच लागतो. मग मूल उंच झालं, हात लांब झाले, ओढ वाढली की तोच बो आपोआप जड होत जातो. कळलं का, जास्तीचं माप आधीच शिवलेलं आहे त्यात, तुम्ही वरून अजून दोन इंच कशाला सोडताय. माझ्या मुलाच्या हातात तो ३० चा बो २५ च्या आसपास असणार. तरी हिशोब करा, क्वालिफिकेशनला ७२ बाण असतात, ७२ गुणिले २५ म्हणजे १८०० पाउंड, ८०० किलोच्या वर, ते पण तीन बोटांनी आणि एका खांद्याने, आणि प्रॅक्टिसला बाण जास्तच होतात.

आणि "परत परत खर्च" म्हणाल तर त्यासाठीच टेकडाउन बो असतो. मधला धरायचा भाग म्हणजे रायझर, वर-खाली दोन लिंब्ज, तीन तुकडे. ताकद वाढली की फक्त लिंब्ज बदलायच्या, रायझर तोच राहतो. बजेट असेल तर आयएलएफ फिटिंगचा रायझर घ्या आणि त्यावर स्वस्तातल्या स्वस्त लिंब्ज, कारण ती फिटिंग स्टँडर्ड आहे, एका कंपनीच्या लिंब्ज दुसऱ्या कंपनीच्या रायझरवर बसतात, आणि बोल्ट फिरवून पाउंडेज थोडंफार वर-खालीपण करता येतं. बजेट नसेल तर साधा लाकडी टेकडाउन चालतो, फक्त त्याच्या लिंब्ज बहुतेक त्याच मॉडेलच्या लागतात. सुरुवात १६ ते २० मध्ये, मग दोन-दोन, फार तर चार पाउंडांनी वर. कोणी विचारलं की मी एकच सांगते, पूर्ण ओढून अँकरला (हनुवटीशी हात टेकतो ती जागा) आणा आणि १५ सेकंद धरा. हात थरथरला तर तो बो तुमचा नाही, मग दुकानदार काहीही म्हणो. (धरून झालं की दोरी नुसती सोडून द्यायची नाही हं, हळू परत आणायची, त्यावर खाली बोलते.)

लांबीचं पण लगेच उरकते. दोन्ही हात आडवे पसरून बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत इंचात मोजा, त्याला अडीचने भागा, अंदाजे ड्रॉ, म्हणजे ओढीची लांबी मिळते. २५-२६ आला तर ६६ इंची बो ठीक, त्याहून लहान मुलांना ६४ किंवा कमी.

दुसरा मुद्दा कंपाउंडचा. इथे मेसेजवाल्याला अगदीच खोटं पाडता येत नाही. २०२३ मध्ये बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी कंपाउंडची जगज्जेती झाली, त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने फायनलला १५० पैकी १५० मारले. त्यानंतर आपल्याकडे प्रत्येक पोराला कंपाउंडच पाहिजे यात नवल काय. पण "ताकद लागत नाही" हे कोणी सांगितलं? ४० पाउंडाचा कंपाउंड शेवटी हातात १० चा उरतो हे खरं, पण तिथे पोचायला आधी ते ४० ओढावेच लागतात, कॅम (म्हणजे ती पुली) फिरल्यावर मगच हलका होतो. शिवाय रिकर्व्ह तुम्ही २४ इंच ओढा नाहीतर २७, तो काही म्हणत नाही. कंपाउंडला ओढीची लांबी कॅमवर सेट केलेली असते, मूल तीन इंच वाढलं की सेटिंग बदला, काही मॉडेलला ते ॲलन कीने होतं, काहींना मॉड्यूल बदलावं लागतं, आणि दोरी बदलायची तर बो प्रेस (बो दाबून धरायचं यंत्र) पाहिजे, म्हणजे तालुक्याच्या गावात बसलात तर कोणाची तरी वाट बघत बसा.

ऑलिंपिकचं म्हणाल तर २०२८ च्या लॉस एंजेलिसला कंपाउंड आलाय, पण फक्त मिक्स्ड टीम. वैयक्तिक नाही. एका देशाचा एक मुलगा, एक मुलगी. तेवढ्यासाठी १२ वर्षांच्या पोरीचा बो ठरवायचा? तिला कंपाउंड मनापासून आवडला तर जरूर घ्या, १०-१५ पाउंडापासून सुरू होणारे आणि ड्रॉ भरपूर बदलता येणारे मॉडेल मिळतात. माझं भांडण त्या कारणाशी आहे, बोशी नाही.

बांबू. या मुद्द्यावर मला रागच आला. इंडियन राउंड हा आपल्याकडे वेगळा प्रकार आहे, ३० आणि ५० मीटर, बांबूचा-लाकडाचा बो, साइट (नेमाची खूण) नाही, स्टॅबिलायझर (बो स्थिर ठेवणारी दांडी) नाही, आणि शालेय नॅशनलला त्याची मेडल्स असतात. दीपिका कुमारी झारखंडात लहानपणी बांबूच्याच धनुष्याने शिकली, पुढे जगात एक नंबरला गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांनी रिकर्व्ह किटसाठी थांबायचं ठरवलं तर कितीजण हातात बो धरतील? तोटे आहेतच, दोन बांबूचे बो कधी सारखे ओढत नाहीत, लिंब्ज बदलून पाउंडेज वाढवता येत नाही, पुढे रिकर्व्हला आलं की बरंच नव्याने शिकावं लागतं. पण पैसे पाण्यात? अजिबात नाही.

चौथा मुद्दा साफ चूक. लिहायचा हात नाही, डोळा बघायचा. दोन्ही हात पुढे करून तळव्यांची त्रिकोणी खिडकी करा, त्यातून लांबचा विजेचा खांब बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब खिडकीतच राहतो तो तुमचा नेम धरणारा डोळा. उजवा असेल तर उजवा बो, म्हणजे डाव्या हातात धरायचा आणि उजव्याने ओढायचा. डोळा डावा आणि हात उजवा अशी मुलंही असतात, त्यांनी काय करायचं ते कोचला बो घेण्याआधी विचारा, कारण उजव्या हाताचा रायझर डाव्याला चालत नाही आणि उघडलेला बॉक्स कोण परत घेणार.

पाचव्यावर मी ग्रुपवर ओरडलेच. बाण न लावता दोरी सोडणं याला ड्राय फायर म्हणतात आणि ते कुठल्याच ग्राउंडवर करू देत नाहीत. एरवी बाण जी ताकद घेऊन जातो ती सगळी लिंब्जमध्ये परत जाते, लिंब चिरते, दोरी तुटते, कंपाउंडला तर कॅम वाकून तुकडे तोंडावर येऊ शकतात. घरी करायचंच तर व्यायामाचा रबर बँड ओढा, मनसोक्त.

आणि मेसेजमध्ये बाणांबद्दल एक ओळ नाही! बाण किती कडक ते स्पाईनच्या आकड्यावरून कळतं, आकडा मोठा तेवढा बाण लवचिक, आणि १८-२० पाउंडाला तो लवचिकच लागतो, दादाचे जुने कडक बाण दिले तर उजव्या हाताच्या मुलाचे सगळे डावीकडे जातात आणि पोरगं समजतं माझंच चुकतंय. लांबीला ड्रॉपेक्षा दोन इंच तरी जास्त ठेवा. वाढत्या मुलाला आखूड बाण दिला आणि तो ओढताना रेस्टच्या (बाण टेकतो तो आधार) मागे आला तर सोडल्यावर थेट बो धरलेल्या हातात घुसू शकतो. म्हणजे दोन इंच सैल घ्यायची हौस असेल ना, ती इथे भागवा.

नणंदेला सांगितलंय, कार्ट रिकामी कर. रविवारी सकाळी पोरीला घेऊन ग्राउंडवर ये, क्लबचा १६ चा बो आहे, तीन-चार महिने तोच वापरू दे, आर्मगार्ड आमच्याकडचा जुना बसेल, टॅब (दोरी ओढताना बोटांना लावायचं चामडं) तेवढा तिच्या बोटांच्या मापाचा नवीन घेऊ.