एका साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला काय जातं यांचं?

सहा आठवडे झाले. मॉड्युलर किचनवाल्या चार कंपन्यांची माणसं घरी येऊन मापं घेऊन गेली. आज चार कोटेशनं समोर घेऊन बसलेय आणि डोकं नुसतं भणभणतंय. एकाचा भाव रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर, दुसऱ्याचा स्क्वेअर फुटाने. तिसऱ्याने नुसताच एकूण आकडा टाकलाय. चौथं जरा बरं दिसलं म्हणून वाचायला घेतलं, तर तळाला बारीक अक्षरात लिहिलेलं: हार्डवेअर, अ‍ॅक्सेसरीज, टॅक्स आणि फिटिंग वेगळं. मग या किमतीत मिळणार काय? रिकामी खोकी?

आणि स्क्वेअर फूट म्हणजे तरी कशाचा? नुसत्या शटरच्या, म्हणजे कपाटाच्या दाराच्या, दर्शनी भागाचा, की आतल्या बाजू, फळ्या, पाठ सगळं धरून? मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर एकच, "मॅडम, तुम्ही थ्रीडी डिझाइन बघा ना." अहो, चित्र काय बघू? त्या चित्राला पाणी लागत नाही!

पाण्याचं एवढं का लावून धरलंय ते सांगते. आत्ताच्या माझ्या सिंकखालचं शटर खालच्या कडेला पावाच्या तुकड्यासारखं फुगलंय. कडेची पट्टी आधी सुटली, मग आत पाणी शिरलं, मग लॅमिनेट उचललं गेलं. बोटाने दाबलं की भुसा गळतो. रोज ते दार गुडघ्याने रेटून लावावं लागतं. तेही "वॉटरप्रूफ" म्हणूनच विकलेलं होतं, दहा वर्षांच्या वॉरंटीसकट. तक्रार केली तेव्हा कळलं की पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसतच नाही. स्वयंपाकघरात! जिथे दिवसभर नळ चालू असतो तिथे!

म्हणून या खेपेला अभ्यास करून बसले. एमआर प्लाय म्हणजे ओलावा सोसणारा, पाणी नव्हे. उकळत्या पाण्यातही ज्याचे थर सुटत नाहीत तो बीडब्ल्यूपी, त्याचा गोंदच वेगळा, फिनॉलिक. इतका साधा फरक. पण चारातल्या दोघांनी एमआरलाच बेधडक वॉटरप्रूफ म्हटलं, आणि ग्रेड कोटेशनमध्ये लिहून द्या म्हटल्यावर विषयच बदलला. कडेची पट्टी 0.8 मिलिमीटरची की 2 ची, हे तर कुणालाच सांगता येईना. सिंकच्या पाइपसाठी पाडलेल्या भोकाची कापलेली कड सील करणार का, या प्रश्नावर एक जण माझ्याकडे बघतच राहिला. एका शोरूममध्ये मी स्वतः खाली वाकून पाहिलं. भोक तसंच, कच्चं. तिथल्या सिंकला नळजोडणीच नाही, मग फुगणार कसं?

मापांची तर वेगळीच तऱ्हा. एक मुलगा आला, ओट्याच्या उंचीवर एकदाच टेप धरली, फोनमध्ये आकडा टाकला आणि निघाला. भिंती सरळ काटकोनात असतात कुठे? खाली, मध्ये, वर अशी तीन ठिकाणी मापं घ्यायला नकोत? नंतर फट राहिली की सिलिकॉन भरून मोकळे होणार, आणि त्या फटीत आयुष्यभर कचरा साफ करत बसणार मी.

त्यात विकणारा एक आणि बसवणारा दुसराच. कंपनी म्हणणार फिटिंग चुकलं, फिटर म्हणणार मालच वाकडा आला. ही टोलवाटोलवी मी एकदा भोगलीय, पुन्हा भोगायची ताकद नाही. शिवाय निम्मे पैसे बुकिंगला आणि उरलेले माल घरात यायच्या आधी! म्हणजे पहिला स्क्रू बसायच्या आत माझे हात रिकामे. मग फोन उचलेल कोण? वर "आजच बुक केलं तरच ही ऑफर" म्हणून रोज रात्री मेसेज. माझ्या कष्टाचे पैसे आहेत ते, मला विचार करायला चार दिवस तरी द्याल की नाही?

उद्या पाचवा येतोय. मी एका कागदावर सगळं लिहून ठेवलंय: प्लायचा ग्रेड, पट्टीची जाडी, बिजागऱ्यांचा ब्रँड, फिटिंगची जबाबदारी कुणाची, आणि शेवटचा हप्ता सगळी दारं नीट लागल्यावरच. टेप बाहेर काढायच्या आधी त्याने त्यावर सही करायची.