सातव्या वर्षी इंग्रजीचं दार बंद होत नाही

नर्सरीच्या प्रवेशांचे दिवस आले की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरू लागतो. थोडक्यात तो असा: मेंदूतली भाषेची खिडकी सातव्या वर्षी बंद होते, त्याआत इंग्रजी पक्कं झालं नाही तर मूल जन्मभर अडखळणार. म्हणून घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला. इंग्रजी कार्टून लावून द्या. तीन वर्षं पूर्ण झाली की 'ए टू झेड' गिरवायला बसवा. हा सल्ला पुढे पाठवणाऱ्यांची काळजी खोटी नाही. इंग्रजीवाचून नोकरीत अडलेले आईबापच तो पाठवतात, त्यांना हसण्यात अर्थ नाही. सल्ला मात्र बराचसा चुकीचा आहे.

आधी ती खिडकी. भाषाशास्त्रज्ञ एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ साली ही कल्पना नीट मांडली ती पहिल्या भाषेबद्दल, आणि त्यांनी धरलेली मर्यादा वयात येण्याची होती. सात हा आकडा कुठून आला कोण जाणे. दुसऱ्या भाषेबद्दल २०१८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, सुमारे ६ लाख ७० हजार लोकांनी दिलेल्या ऑनलाइन चाचणीवर आधारलेला. व्याकरण शिकण्याची क्षमता सतराव्या वर्षाच्या आसपासपर्यंत शाबूत राहते, असं त्यात दिसलं. थेट इंग्रजांसारखं व्याकरण हवं असेल तर दहा-बाराच्या आत सुरुवात केलेली बरी, हेही त्यात आहे. म्हणजे तिथेही सात नाहीच.

उच्चारांपुरतं मेसेजमध्ये तथ्य आहे, लहान वयात कान चटकन तयार होतो. पण कोणाचं ऐकून? बाईच 'व्ही' आणि 'डब्ल्यू'चा एकच 'व' करत असतील, तर चार वर्षांचं मूलही तोच उचलणार.

'जितकं लवकर तितकं चांगलं' हे परदेशात राहायला गेलेल्या मुलांकडे पाहून म्हटलं जातं. तिथे मैदानात, दुकानात, बसमध्ये सगळीकडे तीच भाषा असते. तिथेही पहिल्या वर्षभरात लहानगी मागेच असतात. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा १९७८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. डच शिकण्यात बारा ते पंधरा वर्षांची मुलं सर्वांत पुढे होती आणि तीन ते पाच वर्षांची सर्वांत मागे. आपल्यासारख्या, म्हणजे इंग्रजी फक्त तासाला भेटते अशा परिस्थितीचं उदाहरण बार्सिलोनाचं. स्पेनमध्ये इंग्रजी अकराव्याऐवजी आठव्या वर्षी सुरू झालं, तेव्हा तिथल्या संशोधक कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या मुलांची तुलना केली. तितकेच तास शिकल्यावर उशिरा सुरू केलेली मुलं पुढे होती.

तासांचा हिशेब आपल्याकडेही करून बघा. महाराष्ट्रात सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. निर्णय चांगलाच होता, मराठी शाळेतल्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडू लागलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा. रोज अर्ध्या तासाची तासिका धरली तर झाले शंभर तास, त्यातही हजेरी, वह्या तपासणं आणि फळ्यावरचं उतरवून घेणं आलंच. उरलेल्या तासांत मूल मुळात किती इंग्रजी ऐकतं, इथेच घोडं पेंड खातं. वय हा त्यानंतरचा प्रश्न.

आता 'घरात मराठी बंद', सगळ्यात महागात पडणारा सल्ला. कुठल्याही बागेत पाच मिनिटं उभं राहा, ऐकू येतं: "बाळा, हँड वॉश कर. बनाना फिनिश कर. ते बघ, डॉगी रन करतोय." आईला वाटतं, आपण इंग्रजी बोलतोय. पण वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठी आहे, फक्त शब्द उसने. क्रियापद प्रत्येक वेळी 'कर'वर येऊन थांबतं, त्यामुळे इंग्रजी क्रियापद वाक्यात कसं वळतं हे मुलाच्या कानावर पडतच नाही. इकडे मराठीही आटते. सोलणं, चिरणं, किसणं, निवडणं या चार वेगळ्या कामांना मिळून एक 'कट कर' उरतं. धड ना हे, धड ना ते.

दोन भाषांनी मूल गोंधळतं, ही भीतीही नको. घराघरांत मुलं आजीशी कोकणी किंवा अहिराणी आणि शेजाऱ्यांशी हिंदी बोलतातच की. मराठीत 'म्हणून', 'पण', 'जर-तर' वापरून भांडू शकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला इंग्रजीत फक्त 'सो', 'बट', 'इफ' हे नवे शब्द शिकायचे असतात. कारण-परिणाम तिला आधीच कळलेला असतो. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असं म्हटलंय. आईबापांना सहज इंग्रजी येत असेल तर जरूर बोलावं. येत नसेल तर मराठीत भरपूर गोष्टी सांगाव्यात, पुस्तकं वाचून दाखवावीत.

कार्टूनचं थोडक्यात. बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी ऐकवलं. समोर बसून खेळवणाऱ्या माणसाकडून बाळं चिनी ध्वनी शिकली, तीच माणसं पडद्यावर दिसली तेव्हा काही शिकली नाहीत. थोड्या मोठ्या मुलांना कार्टूनमधून शब्द मिळतात, पण शेजारी बसून "आता काय होईल?" विचारणारं कुणी असेल तर.

राहिलं गिरवणं. तीन वर्षांच्या बोटांना पेन्सिल नीट धरवत नाही, तिथे 'बी' आणि 'डी'च्या उलटसुलट पोटांवरून ओरडा खायचा. शिवाय 'सी-ए-टी' कितीदाही घोका, त्यातून 'कॅट' ऐकू येत नाही. 'क्-ॲ-ट्' म्हटलं की येतो. देवनागरीत अक्षराचं नाव आणि आवाज जवळजवळ एकच असल्यामुळे मराठी वाचू लागलेल्या मुलाला ही युक्ती पटकन कळते. तोवर इंग्रजी तोंडीच राहू द्यावं.

शाळा बघायला जाल तेव्हा बालवर्गात वीस मिनिटं बसू द्या म्हणावं. बाई "टच युअर नोज" म्हणून मुद्दाम स्वतःच्या कानाला हात लावतायत आणि पोरं "नो, नो!" करत उठलीयत, तर तिथे इंग्रजी शिकवलं जातंय. सगळी एका सुरात "माय मदर इज व्हेरी काइंड" म्हणतायत, तर त्यातल्या एकीला हळूच विचारून बघा, 'काइंड' म्हणजे काय.