पाच इंच पाण्यातली देशभक्ती

आपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये राहत असाल आणि देशासाठी काहीतरी करावे अशी ऊर्मी मनात दाटून आली असेल, तर बंदूक शोधत बसू नका. आधी खिडकीला काळा पडदा लावा. हा नियम १ सप्टेंबर १९३९ पासून, म्हणजे ब्रिटनने युद्ध पुकारण्याच्याही दोन दिवस आधीपासून लागू आहे. पडद्याच्या कडेने बोटभर उजेड जरी गळला, तरी कालपर्यंत आपली शिडी उसनी नेणारा गल्लीतला हवाई हल्ल्याचा पहारेकरी, म्हणजे वॉर्डन, ‘दिवा मालवा’ म्हणून असा खेकसेल, की वरच्या जर्मन वैमानिकालाही ते ऐकू यावे. मग अंधारात बाहेर पडा. मोटारवाल्यांना दिसावे म्हणून पुरुषांनी शर्टाचा पांढरा घोळ मागून बाहेर सोडून चालावे. एरवी या अवतारात ज्याला क्लबाच्या पायरीवरही उभे केले नसते, तो गृहस्थ आता देशभक्त ठरतो.

जेवणाचे म्हणाल, तर दात कोरून पोट भरते यावर श्रद्धा ठेवा. बेकन, लोणी आणि साखर जानेवारी १९४० पासून मोजून मिळते, आणि जुलैपासून चहाही: माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम. पहिल्या दिवशी चहा करावा, दुसऱ्या दिवशी त्याच पत्तीवर पुन्हा उकळते पाणी ओतावे, आणि तिसऱ्या दिवशी पाहुणा आलाच तर त्याला किटली नुसती दाखवावी. जोडीला अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाचा ‘वूल्टन पाय’ आहे. नावात पाय असला, तरी त्यात कोणत्याही प्राण्याचा कोणताही अवयव नसतो. बटाटे, गाजर, फ्लॉवर आणि ओटचे पीठ एवढाच ऐवज. ही पाककृती सॅव्हॉय या आलिशान हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने रचली आहे. तो स्वतः कोणाला काय वाढतो, ही चौकशी अप्रस्तुत होय. हॉटेलातल्या जेवणाला रेशनचे कुपन लागत नाही, हेही आपण मनावर घेऊ नये. फारच ओरड झाली म्हणून १९४२ मध्ये जेवणाचा दर पाच शिलिंगांवर बांधला गेला, पण बड्या हॉटेलांना वरचा आकार लावण्याची मुभा राहिली. त्यागालाही काही दर्जा हवाच.

७ सप्टेंबर १९४० पासून बॉम्ब पडू लागले आणि पहिला मार ईस्ट एंडच्या, म्हणजे पूर्व लंडनच्या गरीब कामगार वस्तीतल्या गोद्यांवर बसला. तिथल्या रहिवाशांनी बागेत खड्डा खणून पत्र्याचा अँडरसन निवारा बसवावा. बाग नसेल, तर ती आधी का घेतली नाही याचा विचार करावा. मात्र तिथल्याच स्टेपनी भागातल्या लोकांचे अनुकरण करू नये. आठवडाभराने, कम्युनिस्ट फिल पिराटिन यांच्यामागोमाग ते थेट सॅव्हॉयच्या तळघरातल्या निवाऱ्यात शिरले, चहाच्या दरावरून घासाघीस करून चहाही प्याले, आणि धोका टळल्याचा भोंगा होताच निघून गेले. जर्मनांनी केले नसते एवढे नुकसान शिष्टाचाराचे झाले.

आता स्नान. इंधन वाचवण्यासाठी टबात पाच इंचांपेक्षा जास्त पाणी घेऊ नये. बकिंगहॅम राजवाड्यातल्या टबांवरही तशी रेघ मारलेली आहे. टब एकूण किती, हे विचारू नये. आपल्या घरी मुळात न्हाणीघरच नसेल, आणि शनिवारी शेगडीपुढे पत्र्याचा टब ठेवून सगळे कुटुंब एकामागून एक त्याच पाण्यात उतरत असेल, तरी रेघ मात्र न चुकता मारून ठेवावी.