१२० तास आणि एकच टेबल

एप्रिल-मेची सुट्टी जवळ आली की मास मीडियाच्या मुलामुलींची धावपळ सुरू होते. इंटर्नशिप कुठे मिळेल, कोणाची ओळख आहे का, सर्टिफिकेट देतात का. 'कुठे' हे सगळे विचारतात, 'कशाची' हे विचारणारा विरळाच. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

आधी साधा हिशेब मांडू. नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे ४ क्रेडिटचे १२० तास. रोज सहा तास बसलात तर २० दिवस, आठ तास बसलात तर १५. आता बदलापूरहून लोअर परळला येणाऱ्या मुलीचा विचार करा. घर ते स्टेशन, दादरला गाडी बदलणं, जाऊन-येऊन साडेतीन तास कुठेच गेले नाहीत. २० दिवसांत ७० तास प्रवास. त्यात विद्यार्थ्यांची पासाची सवलत घर ते कॉलेज एवढ्याच मार्गावर मिळते, ऑफिसच्या मार्गावर नाही. म्हणजे पूर्ण भाड्याचा पास वेगळा काढायचा. इतक्या महागात पडणारे १२० तास 'चार दिवस रिपोर्टिंग, चार दिवस डेस्क, चार दिवस सोशल मीडिया' असे फिरण्यात घालवू नका. एवढ्या वेळात एकच काम धड हातात बसतं. एक टेबल धरा आणि तिथेच ठाण मांडा. ऑफिसवाले फिरवतो म्हणाले तरी नम्रपणे सांगा, 'मला डेस्कच द्या.'

मराठी दैनिकाचा डेस्क, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून, सुधारून पानात लावणारा विभाग, ही माझ्या मते शिकण्याची सगळ्यात चांगली जागा आहे, आणि तिथेच मुलं सगळ्यात कमी जातात, कारण तिथे माइक हातात मिळत नाही. डेस्कवर काय शिकता येतं त्याचा एकच नमुना देते. जून-जुलैत मुंबई पालिकेकडून रोज तलावांच्या पाणीसाठ्याचा तक्ता येतो. सकाळी ६ ची मोजणी, सात तलाव: अप्पर वैतरणा, मोडक सागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार, तुळशी. सातही मिळून पूर्ण क्षमता १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. नवखा इंटर्न इथे हमखास 'दशलक्ष' गाळतो आणि लिहितो, 'तलावांत १४ लाख लिटर पाणी'. १० हजार लिटरचा टँकर धरला तर हे जेमतेम १४५ टँकर झाले, मुंबईला आंघोळीलाही पुरायचे नाहीत. शहराला रोज चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी लागतं. त्याने एकूण साठ्याला भागलं की उत्तर साधारण एक वर्ष येतं, म्हणजे आकडा बरोबर आहे. आकडा कॉपीत, म्हणजे बातमीच्या मजकुरात, टाकण्याआधी असा भागाकार करून बघायची सवय १५ दिवसांत लागली, तर इंटर्नशिप वसूल झाली.

त्याच तक्त्यात पुढची चूक टक्क्यांची. साठा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेला की 'साठ्यात १० टक्के वाढ' असं लिहून मोकळे होतात. फरक १० टक्के अंकांचा आहे, पण साठा दीडपट, म्हणजे ५० टक्क्यांनी वाढलाय. सोपं करून 'साठा २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर' एवढंच लिहा, वाचकालाही तेच कळतं. आणि पालिकेच्या पत्रकात 'के पूर्व विभागात पाणी नाही' असं येतं, ते जसंच्या तसं उचलू नका. के पूर्व कोणाला कळतं? अंधेरी पूर्व, जोगेश्वरी पूर्व, विलेपार्ले पूर्व असं लिहा. जी उत्तर म्हणजे दादर, माहीम, धारावी. विभागांची अशी यादी पहिल्याच दिवशी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्या.

वाहिनीत गेलात तर इंटर्नच्या वाट्याला हमखास येतं ते लॉगिंग, म्हणजे चित्रीकरण बघून कोण कुठे काय बोललं याची नोंद करणं. त्याला कंटाळतात, पण बातमी कशी बांधतात हे तिथेच दिसतं. पत्रकार परिषद ४० मिनिटांची, तिच्यातून हवा असतो १५-२० सेकंदांचा बाइट, म्हणजे बोलण्याचा नेमका तुकडा. लॉगशीटला पाच रकाने पाडा: बाइट कुठे सुरू, कुठे संपतो, कोण बोलतंय, पहिले तीन-चार शब्द आणि शेवटचे तीन-चार शब्द. नेहमीची चूक म्हणजे वेळ मोबाइलच्या घड्याळाची लिहिणं. व्हिडिओ एडिटरला फाइलचा टाइमकोड लागतो, म्हणजे ते वाक्य फाइलमध्ये कितव्या मिनिट-सेकंदाला आहे ते. '४ वाजून १० मिनिटांनी बोलले' याचा त्याला काडीचा उपयोग नाही. शेवटचे शब्द लिहिले नाहीत की बाइट वाक्याच्या मध्येच कापला जातो आणि बोलणाऱ्याचा अर्थ फिरतो. बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आणि पद तिथल्या तिथे विचारून घ्या, स्क्रीनवर तेच जाणार असतं. हल्ली आवाजावरून आपोआप मजकूर करून देणारी साधनं सगळीकडे आहेत. ती जरूर वापरा, पण नावं, गावं आणि आकडे कानाने पुन्हा ऐकल्याशिवाय पुढे पाठवू नका. मराठी आडनावांची ती हमखास वाट लावतात.

डिजिटलवाल्यांना रील कापायला देतात. प्रीमियर या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं टाकली की पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. मुलं फॉन्टवर फॉन्ट बदलत अर्धा दिवस घालवतात. दोष बहुतेक वेळा फॉन्टचा नसतो. प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन असतं, ते 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा आणि अक्षरं पुन्हा टाका. आणि टायपिंग! इंटर्नशिपच्या आधीचा महिनाभर इन्स्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर रोज अर्धा तास बसा. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करणारा डेस्कवर मागे पडतो. काही ऑफिसांत अजून जुने फॉन्ट चालतात, ते युनिकोडमध्ये बदलताना रफार, 'ऱ्य' आणि अर्धी अक्षरं बिघडतात. बदललेला मजकूर ओळ न ओळ वाचावाच लागतो.

पीआर, म्हणजे जनसंपर्काच्या कामाबद्दल थोडंच. पत्रकारांची यादी अद्ययावत करणं हे तिथलं मुख्य काम. कंटाळवाणं आहे, पण कोण कोणती बीट, म्हणजे कोणता विषय, सांभाळतो हे त्यातूनच कळतं. प्रेस नोटवर एम्बार्गोची वेळ (जिच्याआधी बातमी द्यायची नाही ती वेळ) असेल तर ती मेलच्या विषयात लिहा, आतल्या तिसऱ्या परिच्छेदात नको. फिल्मसिटीत प्रॉडक्शनला जाणाऱ्यांनी शिफ्ट १२ तासांची धरूनच चालावं आणि कॉलशीट (कोणी, कुठे, किती वाजता हजर व्हायचं याचा कागद) आदल्या रात्री नीट वाचावी.

आता अर्ज. सुट्टीत हवी असेल तर फेब्रुवारीतच लिहायला लागा, मेमध्ये टेबलं भरलेली असतात. ४० पत्ते एकत्र टाकून 'रिस्पेक्टेड सर ऑर मॅडम' असा मेल पाठवू नका, तो कोणी उघडत नाही. विषयात लिहा: कोणत्या विभागासाठी, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती तास. मराठी दैनिकाला मराठीतच लिहा, तीच तुमची पहिली परीक्षा. सीव्ही एक पानाचा, फाइलला तुमचं नाव द्या, 'फायनल२' नको. सोबत दहा नमुने न जोडता तीनच जोडा, तेही त्या जागेला साजेसे. डेस्कसाठी अर्ज करताय तर एखाद्या सरकारी पत्रकावरून तुम्ही लिहिलेली दीडशे शब्दांची बातमी आणि शेजारी मूळ पत्रक ठेवा. संपादक दोन मिनिटांत जोखतो. दैनिकात फोन दुपारी १२ ते ३ च्या दरम्यान करा. संध्याकाळी सहानंतर पानं लावायची घाई असते, तेव्हा फोन केलात तर नाव लक्षात राहील, पण चांगल्या अर्थाने नाही.

जागा मिळाली की पत्र मागा. तोंडी 'ये सोमवारी' यावर जाऊ नका. पत्रात तारखा, रोजची वेळ, साप्ताहिक सुट्टी, कोणत्या विभागात, कोणाच्या हाताखाली, मानधन किती, काम छापलं किंवा प्रसारित झालं तर नाव जाणार का, एवढं हवं. पत्र ऑफिसच्या मेलवरून यायला हवं, कोणाच्या खासगी पत्त्यावरून नाही. इंटर्नशिप देण्यासाठी पैसे मागणाऱ्याकडे फिरकू नका. 'नोंदणी', 'डिपॉझिट', 'ट्रेनिंग फी', नाव काहीही असो. मूळ मार्कशीटही कोणाच्या हवाली करायची नाही.

पैशांबद्दल मी ठाम आहे. मुलं बातम्या लिहितात, रील कापतात, त्या कामावर वाहिनी चालते, मग निदान प्रवास आणि जेवण ऑफिसने द्यायलाच हवं. 'शिकायला मिळतंय ना' हे उत्तर ज्याच्या बापाचं घर वांद्र्यात आहे त्याला परवडतं. कर्जतच्या, विरारच्या मुलाला परवडत नाही, आणि तो आला नाही तर त्याच्या गावाच्या बातम्याही येत नाहीत. विचारायला लाजू नका. सरळ लिहा: 'रोजचा प्रवासखर्च मिळेल का?' नाही म्हणाले तर निदान दोन दिवस घरून काम मागा. लॉगिंग आणि भाषांतर घरूनही होतं.

रात्रपाळीबद्दल मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी नीट वाचा. डेस्कचं काम संध्याकाळी चढतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्यांकडून काम घ्यायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि वाहनाची सोय सांगितली आहे. इंटर्नसाठीही तीच सोय मागा. ती नसेल तर रात्री साडेआठला निघण्याची मुभा पत्रातच लिहून घ्या, शेवटच्या कर्जत लोकलच्या भरवशावर बसू नका. आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा इंटर्नला लागू नाही असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. त्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी येतात, मानधन असो वा नसो. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ऑफिसात अंतर्गत समिती असावीच लागते, तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. ऑफिस लहान असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. समितीतल्यांची नावं भिंतीवर लावलेली आहेत का, हे पहिल्या दिवशी बघून ठेवा.

कायद्याची आणखी एक गोष्ट थेट तुमच्या कॉपीशी निगडित आहे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लहान मुलांच्या बाबतीत पोक्सोचं, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, कलम २३ आहे. ओळख म्हणजे फक्त नाव नव्हे. सोसायटीचं नाव, शाळा, वडिलांचा व्यवसाय, आरोपी नातेवाईक असेल तर त्याचं आडनाव, या सगळ्यांतून ओळख फुटते. पोलिसांच्या ग्रुपवर आलेली एफआयआरची प्रत तशीच पुढे ढकलणारा इंटर्न स्वतःलाही गोत्यात आणतो आणि त्या मुलीलाही.

रोज घरी जाताना गाडीत वहीत चार ओळी लिहा: आज काय काम केलं, किती वेळ लागला, कोणती चूक निघाली, ती कोणी दाखवली. त्याहून मोलाचं म्हणजे तुम्ही दिलेली कॉपी आणि छापून आलेली कॉपी शेजारी शेजारी चिकटवा. उपसंपादकाने इंट्रो (बातमीचा पहिला परिच्छेद) का फिरवला, कोणतं वाक्य उडवलं, 'करण्यात आले आहे'चं 'केले' कसं झालं, हे त्या दोन कागदांत दिसतं. अशा १५ जोड्या झाल्या तर पुढच्या मुलाखतीत सर्टिफिकेटच्या आधी त्याच दाखवा.

कॉलेजातल्या सरांना-मॅडमना हात जोडून विनंती: तासांच्या तक्त्यावर सही करताना ही वही मागा. उपस्थिती ७५ टक्के धरून बसता, मग सुट्टीत किंवा सेमिस्टरच्या मधल्या काळात इंटर्नशिपला जागा काढून द्या. मुलगा तीन दिवस लेक्चर, तीन दिवस ऑफिस असं करतो तेव्हा दोन्हीकडे अर्धाच असतो.

सर्टिफिकेट शेवटच्या दिवशी मागू नका, आठवडाभर आधी मसुदा पाठवा. नाव मार्कशीटवर आहे तसंच, तारखा, एकूण तास आणि 'मुद्रित माध्यम विभाग, कॉपी डेस्क' असा कामाचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसतं 'समाधानकारक काम केले' असलेला कागद कॉलेज परत पाठवतं, आणि तोपर्यंत सही करणारा माणूस रजेवर गेलेला असतो.