नाव पुसायचं फडकं

कवितेखालचं नाव काढायला फार अक्कल लागत नाही, तरी लोक चुकतात. मजकुरावर बोट दाबून धरायचं, निवड शेवटच्या ओळीपर्यंत ओढायची आणि तिथंच थांबायचं. नाव त्याच्या खालच्या ओळीत असतं. तिथवर बोट घसरलं की घोटाळा झालाच म्हणून समजा. नाव गावासकट चिकटून येतं, 'अमुक अमुक, जिंतूर', आणि ग्रुपवरचा एखादा शहाणा विचारतो, "हे तुमच्या पाहुण्यांपैकी का?" एवढं सांभाळलं की कविता तुमची. स्वतःचं नाव टाकायला लाज वाटत असेल तर 'अनामिक' लिहा. मन फारच मोठं असेल तर 'ज्यानं कुणी लिहिलंय त्याला सलाम' असं लिहा. लिहिणारा बहुधा त्याच ग्रुपात असतो, त्यालाही बरं वाटतं.

की मोठं नाव चिकटवायचंय? तेही जमतं. पु. ल. देशपांडे 12 जून 2000 ला गेले, पण आमच्या परभणीच्या ग्रुपांवर ते अजून लिहितात आणि मोबाइलच्या दुष्परिणामांवरही लिहितात. त्यांनी जे खरोखर लिहिलं त्याचा हक्क 2060 संपेपर्यंत शाबूत आहे, कारण आपला कायदा लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं मोजतो. म्हणजे खरे पु. ल. छापायला परवानगी लागते, खोटे पु. ल. फुकट. परवडेल ते वापरा.

आता कुणीतरी 1957 चा कॉपीराइट कायदा काढेल. घाबरायचं नाही. त्यालाच विचारायचं, "रजिस्टर केलंय का?" समोरचा गप्प बसतो. नोंदणी सक्तीची नाही, कविता कागदावर उतरली किंवा फोटो निघाला की हक्क आपोआप लागतो, हे त्यालाही ठाऊक नसतं. दुसरा हुकमी डाव: "तुम्हीच तर ग्रुपवर टाकली होती!" उन्हाळ्यात अंगणात बाज टाकली म्हणून ती गावाला दिली असं कुणी म्हणत नाही, पण बाज उचलायला दोन माणसं लागतात, कवितेला एक बोट पुरतं. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर कायदा लेखी कागद आणि सही मागतो. आपल्याकडे अंगठ्याचं चित्र आलं की व्यवहार पक्का.

शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड 50 हजारांपासून दोन लाखांपर्यंत. हे आकडे ऐकून घाम फुटतो तो कवीला. त्याला आजवर मानधन म्हणून मिळाली ती शाल आणि नारळ, त्यात वकिलाची फी बसत नाही, आणि तारखेला जायला रजा कोण देणार?

खरी डोकेदुखी आहे ती स्वतःहून देणाऱ्यांची. लायसन म्हटलं की आपल्याला दोनच माहीत, एक गाडीचं आणि एक खत-बियाणांच्या दुकानाचं. पण 2002 पासून 'क्रिएटिव्ह कॉमन्स' नावाचे परवाने आहेत. त्यात करणारा आधीच सांगून ठेवतो, घ्या, मला विचारत बसू नका, फक्त नाव द्या. कुणी वर म्हणतो, यातून धंदा करू नका. कुणी म्हणतो, कानामात्रा बदलू नका, तर कुणी म्हणतो, बदला, पण बदललेलंही याच अटीवर पुढे द्या. असे मुख्य परवाने सहा आणि सहाही नाव मागतात. मराठी विकिपीडियावरचा मजकूरही याच वाटेचा आहे. तो छापा, अगदी विका, पण श्रेय द्या आणि तीच अट पुढच्याला लावा. एवढ्या लांबलचक वाक्यातलं 'घ्या' हे एकच अक्षर ऐकायचं असतं. मुक्त म्हणजे मोकाट. माळेगावच्या जत्रेत मालक कोण हे विचारल्याशिवाय कुणी घोड्याच्या दाताला हात लावत नाही, पण ते घोडं असतं. त्याची किंमत असते.

माझा भाचा पैठणला असतो. नाथसागरावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, त्यांच्यासाठी हा पहाटे चिखलात पोटावर पडून राहायचा. एक फोटो साधला. कोपऱ्यात बारीक नाव टाकून त्यानं तो नावाच्या अटीवर सगळ्यांना खुला केला. पुढच्या जानेवारीत एका पतसंस्थेच्या कॅलेंडरवर तेच रोहित उभे! कोपऱ्यातल्या नावावर नेमका चेअरमनसाहेबांचा गोल फोटो. खाली 'छायाचित्र : गूगल साभार'. मी म्हटलं, बघा, शिका. नाव खोडलं तर डाग दिसतो. त्यावर मोठ्या माणसाचं तोंड बसवलं की डागही नाही आणि विचारायची हिंमतही नाही. भाचा तरी विचारायला गेला. "अरे, तुझा फोटो दहा गावांत लागला, पेढे तू द्यायचेस!" तो एक कॅलेंडर घेऊन परत आला. तेही गुंडाळून, रबर लावून.

या धंद्यात आपल्या संतांनी मात्र फार खोडा घातला. गंगाखेडच्या जनाबाईंचं 'नामयाची जनी' घ्या, पैठणच्या नाथांचं 'एका जनार्दनी' घ्या. नाव खालच्या ओळीत नाही, ओळीच्या पोटात ओवलेलं. काढायला जावं तर चाल लंगडी होते. नाथांनी तर कहर केला. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, लोकांनी मध्ये घुसवलेलं उपटून काढलं आणि शेवटी बजावलं की यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं जाणा. इतकी मेहनत करूनही ग्रंथ माउलींचाच ठेवला. असा माणूस आज एका तरी ग्रुपवर ॲडमिन झाला असता का?

आपले कुलपुरुष वेगळे. तुकोबांच्या अभंगातला 'तुका' काढून स्वतःचं नाव घालणारे सालोमालो. तुकोबांनी तक्रार केली, पण तीही अभंगातच. दुसऱ्याचं ते आपलं म्हणतात, अशी. सालोमालोंना अभंग पाठ करावा लागायचा, बिचारे. तुमचं तेही वाचलं.

एक बारीक खडा सांगून ठेवतो. कायद्याच्या 57 व्या कलमात असं आहे की हक्क विकून टाकला तरी 'हे माझं' म्हणायचा अधिकार लेखकाकडेच राहतो, आणि त्याची अब्रू जाईल अशी मोडतोड झाली तर तो हरकत घेऊ शकतो. आता तो घेतो की नाही, ते बघा.

मागच्या महिन्यात एका सेवानिवृत्तीच्या कार्यक्रमाला गेलो होतो. सूत्रसंचालक तरणाबांड, आवाज खणखणीत. सत्कारमूर्तींच्या वडिलांचा विषय निघाला तसं त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, "काट्यावर कापूस होता, अन् डोळ्यांत... पिताश्री!" टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. मीही टाळ्या वाजवल्या, सवयीनं. नऊ वर्षांपूर्वी मी 'डोळ्यांत बाप' असं लिहिलं होतं.

जेवणाच्या पंगतीत त्याला गाठलं. "कविता कुणाची हो?"

"आवडली का सर? थांबा, पाठवतो तुम्हाला."

वरणभात कालवता कालवता खिशात फोन थरथरला. माझीच कविता, बाराच्या बारा ओळी. खाली त्याचं नाव, 'सूत्रसंचालनासाठी संपर्क', मोबाइल नंबर, आणि त्याच्याखाली ठळक अक्षरांत : 'कृपया नावासह शेअर करावी.'

मी अंगठा पाठवला.