आई नर्सिंग होममध्ये आहे, म्हणजे नेमकी कुठे?

अमेरिकेतून कुणी फोनवर सांगितलं की ‘आईला नर्सिंग होममध्ये ठेवलंय’, तर पुण्या-नाशिकहून पहिला प्रश्न येतो, ‘का? ऑपरेशन आहे का?’ आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे कोपऱ्यावरचं दहा-पंधरा खाटांचं खासगी रुग्णालय, बरेचदा बाळंतपणाचं. महाराष्ट्राचा १९४९चा नर्सिंग होम नोंदणी कायदासुद्धा हा शब्द त्याच अर्थाने वापरतो. मग सांगावं लागतं की अमेरिकेत नर्सिंग होम म्हणजे आजारी वृद्धांना ठेवून घेऊन शुश्रूषा करणारं केंद्र; तिला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे, एकट्या माणसाला तिला उचलणं जमत नाही, आणि आता ती तिथेच राहणार. त्यावर पलीकडून येतं, ‘म्हणजे वृद्धाश्रमात टाकलं.’

‘टाकलं’ या क्रियापदात आपला सगळा वाद मावतो. तो मुलाच्या माणुसकीवर होतो, आणि न बोलता सुनेच्या अंगावर ढकलला जातो. आईला ज्या इमारतीत ठेवलं तिच्या दारातून आत मात्र तो कधीच जात नाही. तिथे रात्री किती माणसं कामावर असतात, कोण तिची कूस बदलून देतं, पडली तर कोण कुणाला कळवतं, हे कुणी विचारत नाही. माझा आक्षेप आहे तो इथे.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याकडे पाहा. आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम काढण्याची तरतूदही आहे. पण खाटेला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा कशी व्हावी, याचं मोजमाप त्यात नाही. २०१९च्या दुरुस्ती विधेयकात वृद्धांच्या काळजी-केंद्रांची नोंदणी आणि किमान दर्जा होता. त्याचा कायदा झालाच नाही. अनेक वृद्धाश्रम ‘स्वतःचं स्वतः करू शकणाऱ्यांनाच’ घेतात. जिला खरी गरज, तिलाच दार बंद.

अमेरिकेत हे १९८७च्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी बांधून घेतलं आहे. दाखल झाल्यापासून ४८ तासांत काळजीचा प्राथमिक आराखडा, १४ दिवसांत पूर्ण तपासणी, त्यानंतर सात दिवसांत सविस्तर आराखडा, आणि दर तीन महिन्यांनी फेरआढावा. औषधांची यादी फार्मासिस्टने महिन्यातून एकदा तपासायची. सरकारी तपासनीस न कळवता येतात आणि त्यांचा अहवाल कुणालाही वाचता येतो. सहसा ३० दिवसांची लेखी सूचना दिल्याशिवाय बाहेर काढता येत नाही.

म्हणून अमेरिकेत सगळं छान आहे असं नाही. माणसं कमी पडतात. प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला ३.४८ तासांची शुश्रूषा सक्तीची करणारा नियम २०२४मध्ये आला, आणि एप्रिल २०२५मध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो रद्द केला. कायदा कागद तयार करतो. त्या कागदावर बोट ठेवून प्रश्न विचारणारं माणूस घरातूनच यावं लागतं. आराखड्याच्या बैठकीला घरचं कुणी नसेल, तर ती बैठक पंधरा मिनिटांत उरकते.

त्या बैठकीत वजन विचारा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घटलं, तर ती धोक्याची खूण. कारण बहुधा साधं असतं: कवळी नीट बसत नाही, भरवायला वेळ नाही, किंवा पुढ्यात आलेलं ताट ओळखीचं नाही. शाकाहारी बाईच्या ताटातून मांस नुसतं काढून घेतलं तर उकडलेल्या भाज्या उरतात आणि प्रथिनं संपतात. ‘शाकाहारी’ एवढं लिहून भागत नाही. डाळ, दही, पनीर चालतं, अंडं चालतं की नाही, हे आहारतज्ज्ञाकडून आराखड्यात लिहून घ्यावं.

दुसरी गोष्ट भाषा. डिमेन्शियात बरेचदा नंतर शिकलेली भाषा आधी जाते. आयुष्यभर बँकेत इंग्रजी बोललेली बाई फक्त मराठीत ‘दुखतंय’ म्हणते, कुणाला कळत नाही, ती ओरडते, आणि नोंद होते ‘आक्रमक’. पुढची पायरी शांत करणारी गोळी. डिमेन्शियाच्या वृद्धांत अशा अँटिसायकोटिक (मनोविकारांवरच्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५मध्येच दिला आहे. तेव्हा पाणी, संडास, दुखतंय, थंडी, नको, असे पंधरा-वीस शब्द रोमन लिपीत, अर्थासह, मोठ्या अक्षरांत खाटेशेजारी लावा. नवं औषध सुरू झालं की तीन प्रश्न: कशासाठी, किती दिवस, कमी कधी करणार?

पहिले काही आठवडे सगळ्यात कठीण. ‘घरी कधी जायचं?’ याला ‘हेच आता तुझं घर’ हे उत्तर देऊ नये. तिला त्यात आधार मिळत नाही. ‘घरची आठवण येते ना’ म्हणावं आणि घराबद्दल बोलू द्यावं. दिवेलागणीला बेचैनी वाढते, म्हणून शक्यतो सकाळी किंवा दुपारी जावं आणि जेवणाच्या थोडं आधी निघावं, म्हणजे निरोप लांबत नाही. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र यांवर नाव घाला. या तीन वस्तू धुण्याच्या कपड्यांत आणि जेवणाच्या ताटांत सर्रास हरवतात, आणि ऐकू येईनासं झालं की माणूस अधिकच गोंधळलेला वाटतो.

आई महाराष्ट्रात आणि मुलं परदेशात असतील, तर हे कायद्याने मिळणार नाही. करारात लिहून घ्यावं लागेल. रात्री किती जणांमागे एक माणूस? अंथरुणाला खिळल्यावर ठेवणार की ‘घेऊन जा’ म्हणणार? कोणत्या रुग्णालयात नेणार, आणि संमतीपत्रावर सही कुणाची? व्हॉट्सअ‍ॅपवर वाढदिवसाचा हसरा फोटो येतो तेव्हा बरं वाटतं, पण त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी दर महिन्याचं वजन, औषधांच्या चालू यादीचा फोटो, आणि टाचा व माकडहाडावरची त्वचा लाल आहे का, एवढं मागा. बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, तिथूनच सुरू होतात आणि पहिल्या लालीलाच थांबवता येतात.

शिवाय गावातली एखादी मावशी, शेजारीण, जुनी मैत्रीण महिन्यातून दोनदा, न कळवता, वेगवेगळ्या वेळी जाऊन येईल अशी व्यवस्था करा. ‘लोक काय म्हणतील’ म्हणणारे हे लोकच तिथे सरकारी तपासनीसाची जागा घेऊ शकतात. त्यांना एवढंच सांगायचं, की खोलीत शिरताच वास येतो का ते पाहा, आणि पाण्याचा पेला तिच्या हाताला पोहोचतो का तेही.