माडीवरच्या सभागृहाबाहेरील फलकाविषयी

सप्रेम नमस्कार. आमच्या पुस्तकांच्या दुकानाला आपण एकच स्टार दिलात आणि कारण असे लिहिलेत, की माडीवर भरणाऱ्या इतिहास अभ्यासमंडळाचे सभासद व व्याख्याने दरवर्षी वाढत असल्याचा फलक आम्ही दारात लावला आहे; प्रत्यक्षात आपण आलात त्या संध्याकाळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, व्याख्यान अर्धा तास उशिरा सुरू झाले आणि वक्त्यांनी बराच वेळ कन्नड शिलालेख वाचण्यात घालवला. जागा आमची आणि मंडळाचा खजिनदारही मीच, तेव्हा उत्तर मलाच दिले पाहिजे.

फलकाबाबत आपण बरोबर आहात. त्यावरचा आकडा एकूण सभासदांचा आहे आणि त्यात बहुतेक आजीव सभासद आहेत. एकदा रक्कम भरलेले गृहस्थ पुढे मुलाकडे पुण्याला राहायला गेले तरी यादीत राहतात. निधनाची बातमी घरच्यांनी कळवली नाही, तर तेही नाव तसेच राहते. म्हणून नवे दोघे-तिघे आले, की एकूण संख्या वाढलेलीच दिसते. वर्ष खरोखर कसे गेले हे पाहायचे, तर ३१ मार्चपर्यंत वर्गणी भरलेले वार्षिक सभासद किती आणि त्यांपैकी गेल्या वर्षीचे किती टिकले, हे मोजायला हवे. शिवाय हलशीच्या मंदिरांची सहल आम्ही व्याख्यानांत धरली होती, ती धरायला नको होती. फलक उतरवला आहे.

उशिराबद्दल क्षमस्व. वक्ते वेळेवर आले होते. माडीची किल्ली माझ्याकडे होती.

कन्नड वाचनावरील हरकत मात्र मला मान्य नाही. विषय बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीचा, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिराचा होता. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळात, १२०४ च्या सुमारास, त्याचा मंत्री बिचिराज याने ती बांधवली, आणि हे आपल्याला कळते ते कन्नड शिलालेखांवरूनच. ते वगळून बस्तीवर बोलायचे, तर ऐकीव गोष्टींवर भागवावे लागेल. सीमाभागात भाषेच्या प्रश्नावर आपल्या सर्वांची मने हळवी आहेत, माझेही आहे. तरी लेख ज्या भाषेत कोरला, त्याच भाषेत आधी वाचावा लागतो. ओळीओळीचा मराठी अर्थ छापून श्रोत्यांना हाती द्यायला हवा होता, ही उणीव आपण लिहिली नसली तरी खरी आहे.

रिकाम्या खुर्च्या मीही पाहिल्या. श्रोत्यांची संख्या वाढल्याचा दावा आम्ही कधी केला नव्हता, पण त्या फलकाखालून आत येणाऱ्याचा तसा समज होणारच. यापुढे फलकावर वार्षिक सभासद, आजीव सभासद आणि प्रत्यक्ष झालेली व्याख्याने असे तीन आकडे वेगवेगळे असतील, आणि सह्यांचे हजेरीपुस्तक दुकानाच्या गल्ल्याशेजारी कोणालाही पाहायला ठेवलेले असेल.